सात उतारू कमी

पास्कल कुठलंही बायबल हातात घेतलं की आधी अनुक्रमणिका काढायचा आणि थुंकीनं ओला केलेला अंगठा एकेका पुस्तकाच्या नावावरून फिरवायचा. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासली, त्याची ही सवय. शेवटी बायबल मिटून दुकानदाराला परत. "सहासष्ट. सात उतारू कमी आहेत."

आम्हा कॅथलिकांच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या बायबलात सहासष्ट. तोबीत, मक्काबी वगैरे सात त्यांच्यात नाहीत. हे मला पास्कलमुळे कळलं. कळलं नव्हतं तेव्हाही माझं काही अडलं नव्हतं.

अंधेरीच्या आमच्या गावठाणात तो माझा भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि माझ्या रिटाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. रिटाला गणित अडलं, पास्कल अंकल. मुलगा पसंत पडला, ते आधी पास्कल अंकलना सांगितलं, मग मला. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. त्यात चर्चमध्ये हा तिसऱ्या बाकाच्या कडेला बसे आणि शेजारची जागा कुणाला देत नसे. मी बसायला गेलो की म्हणे, "तिथं माणूस आहे." वीस वर्षांत तो माणूस काही मी पाहिला नाही.

रिटाचं लग्न ठरलं तसा मी तिच्यासाठी रंगीत टीव्ही आणला. गावठाणातला दुसराच. "छान आहे हं, पप्पा," ती म्हणाली, आणि लगेच, "अंकलना बायबल मिळालं का?"

कारण तिला द्यायला अंकल सहा महिने बायबल शोधत होते. इंग्रजीत पूर्ण त्र्याहत्तरवालं मिळालं, पण भाषा फार जुनी. "पोरगी संसार करेल की डिक्शनरी उघडून बसेल?" दुसऱ्यात सातही होती, पण शेवटी वेगळी काढून ठेवलेली. "यांना काय उभ्यानं न्यायचं? तिकीट तेच आहे ना?" रिटा मराठी शाळेतली, म्हणून त्याला मराठीच हवं होतं. दुकानात मात्र सहासष्टवालंच होतं.

"घे ना मग तेच," मी म्हटलं. "सातानं काय बिघडतंय?"

"तुझ्या घरातली सात माणसं खाली उतरवतो, मग सांग मला."

शेवटी त्यानं ते मराठी घेतलं. तोबीतचं अख्खं पुस्तक इंग्रजीवरून स्वतः मराठीत केलं, वहीत सुवाच्य लिहिलं आणि वही बायबलात शिवून घेतली. फादरनी ती चाळली आणि लग्नातलं वाचन त्यातूनच करा म्हणाले. "अंकल वाचतील," रिटानं परस्पर सांगून टाकलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पास्कल बायबल घेऊन आला.

"तू वाच रे."

"का? तुलाच सांगितलंय ना तिनं?"

त्यानं अंगठा एका ओळीवर ठेवला. "इथपर्यंत येतो. पुढे जाताच येत नाही. चार दिवस बघतोय."

ती नव्या नवराबायकोची प्रार्थना होती. आम्हा दोघांना सोबत म्हातारं होऊ दे, एवढंच देवाकडे मागणं.

"फिलोमिना रोज म्हणायला लावायची मला," तो म्हणाला. "आणि तिसऱ्या वर्षी तीच मधल्या स्टॉपवर उतरली."

फिलोमिना त्याची बायको. तिच्या मातीला मी गेलो होतो. रिटा तेव्हा रांगत होती. नंतर मी फिलोमिनाला साफ विसरलो. मला माझी लाज वाटली.

लग्नात मीच वाचलं. त्या ओळीला माझी बायको रुमालानं नाक पुसत होती. पास्कल तिसऱ्या बाकाच्या कडेला बसून माझ्याबरोबर ओठ हलवत होता. शेजारची जागा मोकळी होती.

वाचून खाली आलो तर वसईची मावशी उशिरा येऊन नेमकी तिथं बसायला निघालेली. पास्कल मान खाली घालून अजून ओठ हलवत होता. मी पुढे होऊन मावशीचा हात धरला.

"मावशी, मागे बस," मी म्हटलं. "तिथं माणूस आहे."