इनास मास्तर आणि २०९४५८

आमच्या शेजारच्या इनास मास्तरांना नवा फोन नंबर सांगायची सोय नाही. ते तो लिहून घेत नाहीत, फोडायला घेतात. तिनाने जातो का, साताने जातो का, अकराने? आपण उन्हात ताटकळत उभे. शेवटी "फुटलो रे" म्हणून मास्तर खुशीत चालू लागतात. फोन मात्र कधीच करत नाहीत.

मालवणात गणित शिकवून निवृत्त झाले, पण जिवाला स्वस्थता नाही. चहासुद्धा अंगणात येरझाऱ्या घालत पितात. गाडीचा नंबर, लाइटच्या खांबावरचा आकडा, काही सोडत नाहीत. एक आणि स्वतः यांच्याखेरीज जिला कुणाचाच भाग जात नाही, त्या मूळ संख्येचं तर त्यांना भारी वाईट वाटतं. "एकटो आसा बिचारो," असं इतकं हळहळून सांगतात, की तो आकडा चर्चच्या मागल्या वाडीत राहत असावा असं वाटतं.

एकदा तळेऱ्याला देवगडची एसटी लागली. त्यांची बायको, मार्थाबाय, पिशव्या घेऊन चढली. मास्तर मागच्या नंबरापाशी अडकले: २४३१. अकरा, तेरा आणि सतरा एकाच घरात सापडल्याच्या आनंदात ते उभे असतानाच गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने पोचले, तेव्हा मार्थाबायने भर स्टँडवर विचारलं, "माझ्यावांगडा लगीन कित्याक केलंस? पाढ्यांवांगडा करूचा हुता." तरी पाण्याची बाटली तिने त्यांच्यासाठी अर्धी ठेवली होती. मूलबाळ नाही, घरात ही दोघंच.

गेल्या वर्षी कणकवलीला मार्थाबायचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर मास्तर व्हरांड्यात भिरभिरत होते. सिस्टर दोनदा ओरडून गेल्या होत्या. हातात केसपेपर, त्यावर नंबर २०९४५८.

त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, हा तर सम आकडा, लगेच फुटला असेल.

"दोनान फुटलो रे. पण दोन काढल्यार उरता तो फुटना नाय."

उरत होते १०४७२९. सकाळपासून त्यांनी तीनपासून तीनशे तेरापर्यंतची एकेक मूळ संख्या मनातल्या मनात लावून पाहिली होती. कशाचाच भाग जात नव्हता. आता फक्त तीनशे सतरा राहिली होती. तिचाही भाग गेला नाही, तर आकडा मूळच; तिच्यापुढे बघायची गरज नसते. मी म्हटलं, मग बघून टाका.

"नको." ते ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे बघत होते. "नाय गेलो, तर एकटोच रवतलो."

आकड्यांच्या नादात ह्या माणसाला जगाचं भान नाही, असं आम्ही सगळी वाडी धरून चाललो होतो. मी बाजूला होऊन मोबाइलवर भागाकार केला. भाग जात नव्हता. बाकी उरली एकशे एकोणीस.

मी परत आलो. "जाता, मास्तर," मी सांगितलं. "तीनशे सतरान जाता."

जन्मभर पोरांच्या चुका पकडलेला माणूस. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला.

"बरा झाला," मास्तर म्हणाले. उत्तर किती आलं, ते त्यांनी विचारलं नाही.