सुमनआत्याची पुडी

आमची सुमनआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांना भेटत नाही, दाराच्या चौकटीला भेटते. चपला काढता काढताच तिचा हात चौकटीवरून फिरतो. रंगाचा एखादा सुटलेला पोपडा सापडला की करंगळीच्या मुद्दाम वाढवलेल्या नखानं ती तो अलगद उचलते, पर्समधून वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा काढते आणि मला म्हणते, "बाळू, पुडी बांध." मग यजमानांकडं वळून विचारते, "काय, बरे आहात ना?" यजमान तोवर बरे राहिलेले नसतात.

आत्याचं म्हणणं असं, की जुन्या तेलरंगांत शिसं असतं. विशेषतः पिवळा, तांबडा, शेंदरी. रंगाचे पोपडे निघतात, त्यांची धूळ होते, रांगती पोरं ती बोटं तोंडात घालतात आणि शिसं हळूहळू डोक्यात जाऊन बसतं. पोर मठ्ठ होतं आणि घरचे मास्तरांना दोष देतात. "आणि गोड असतं रे ते," ती म्हणते. "तिथंच घोटाळा आहे. कडू असतं तर एकाही पोरानं चाटलं नसतं." हेच वाक्य ती आमच्या एका गोडबोल्या नातेवाइकाबद्दलही वापरते, आणि तिथंही ते बरोबर बसतं.

आत्या सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. विश्रामबागेत दोन खोल्यांत एकटी राहते. खोल्यांना चुना आहे. मी साताऱ्यात एका विमा कचेरीत कारकून, शिक्षण बी.कॉम., तेही दुसऱ्या खेपेला. एवढी ओळख पुढच्या गोष्टीला पुरेशी आहे.

माझ्या बाबतीत आत्याला आणखी एक खोड आहे. मी दिसलो की ती विचारते, "सतरा सक्कं?" मला ते कधीच आलेलं नाही. शाळेत असताना विचारायची, ते समजू शकतो. पण माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मामाच्या मागून मान काढून तिनं हळूच विचारलं होतं. मिरजेला माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा भुलीतून डोळे उघडले तर समोर आत्या. म्हणाली, "सतरा सक्कं?" मी डोळे परत मिटून घेतले. आता माझी पन्नाशी उलटली तरी चुकलेलं नाही. मी "शहाण्णव" म्हणतो, ती "हं" म्हणते आणि दुसरीकडं बघते. तसा आमच्या घराण्याचा हिशेब बोटांवरचाच आहे. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, आमच्या कापडाच्या दुकानात दहा वारांच्या पुढं गेले की उरलेलं गिऱ्हाइकालाच विचारायचे. तरी त्यांना कुणी अंतरपाटाआडून छळलं नव्हतं.

माझं लग्न जमलं तेही तिच्या नखामुळं. मुलगी बघायला आम्ही मिरजेला गेलो. सासरे तानपुरे बनवणारे. पोहे आले, मुलगी आली, आणि आत्या कोपऱ्यातल्या एका नव्याकोऱ्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर नख चालवत बसलेली. सासऱ्यांचा चेहरा बघवेना. आत्यानं विचारलं, "हा रंग कसला?" ते म्हणाले, "रंग नाही बाई, लाख आहे. पॉलिश." आत्या उठली, हात झटकले आणि आईला म्हणाली, "वहिनी, घर निर्धोक आहे. मुलगी करा." मुलीकडं तिनं तोवर पाहिलंही नव्हतं. बायको हे मला अजून ऐकवते, की तुमच्या घराण्यानं मला नव्हे, लाखेला पसंत केलं.

आमची मुलगी झाली तेव्हा मात्र आत्यानं सगळ्यांना दुखवलं. आईनं माळ्यावरचा माझा जुना पाळणा उतरवायला काढला होता. आत्या सांगलीहून पहिल्या एसटीनं आली, बरोबर धुतलेल्या सुती लुगड्याची झोळी. "पाळणा खाली यायचा नाही," म्हणाली. आई म्हणाली, घरातला पाळणा, याच पाळण्यात बाळू वाढला. आत्या म्हणाली, "म्हणूनच." आई त्यानंतर वर्षभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. पाळणा माळ्यावरच राहिला आणि आमची मुलगी झोळीत वाढली. तिला सतराचा पाढा येतो.

तर अशा आत्याला मागच्या वर्षी कुठून तरी कळलं, की घरांतल्या रंगातलं शिसं आणि लहान मुलांना त्याचा धोका, या विषयावर संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळतं. तिनं त्याच संध्याकाळी मला फोन केला. तिचा आवाज इतका तरुण मी कधी ऐकला नव्हता. बंदुकीसारखं एक यंत्र असतं म्हणाली, भिंतीला टेकवलं की शिसं किती ते सांगतं. खरवडायला नको, काही नको. ते भाड्यानं आणायचं, सांगली-सातारच्या घरांतून फिरायचं, पोरांची रक्तं तपासायची. एकच अडचण होती. अर्जात सह-संशोधक लागत होता. तिच्या वयाचे प्राध्यापक आपापल्या मुलांकडं पुण्याला गेले होते.

"मग कुणाला घेतलंस?" मी विचारलं.

"तू."

मी तिला माझ्या शिक्षणाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "तुझ्याइतका या विषयाजवळ दुसरा कुणी नाही." मला वाटलं, इतक्या वर्षांच्या पुड्यांबद्दल बोलतेय. मी फुशारलोही.

सह-संशोधक म्हणून माझ्याकडं एकच काम आलं. कोरेगावकडं आमचं गाव आहे, तिथल्या घरांतून सुरुवातीला थोडे पोपडे गोळा करायचे होते. मी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला: "घराच्या रंगासाठी सरकारी अनुदान. जुना रंग दाखवावा." मला तो मजकूर सुटसुटीत वाटला होता. गावालाही वाटला.

रविवारी आम्ही दोघं पोचलो तर देवळापुढं माणसं सातबारा आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन उभी. आमचे लांबचे चुलतभाऊ दिनकरदादा सगळ्यात पुढं. ते सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघतात.

"आत्याबाई, आमी निळा धरलाय," दिनकरदादा म्हणाले. "फिकट नगं. एकदम कडक."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी देवळाचा कळस बघू लागलो.

पण खरा घोटाळा पुढं होता. घर जितकं वाईट तितकं अनुदान जास्त, हे आमच्या गावाला पिढीजात ठाऊक. त्यामुळं लोकांनी आदल्या दिवशी दारं-खिडक्या विळ्यांनी आणि पत्र्यांनी खरवडून ठेवल्या होत्या. पोपडे घमेल्यांत भरून ओट्यांवर मांडलेले, अंगणात रंगीत धूळ आणि त्यात पोरं खेळतायत. कोरडा रंग खरवडणं म्हणजे आत्याच्या दृष्टीनं घरात बाँब फोडणं.

मी तिला त्या दिवसापूर्वी कधी पळताना पाहिलं नव्हतं. पदर खोचून ती एकेका अंगणात शिरली, पोरं उचलून बाहेर काढली, त्यांचे हात साबणानं धुवायला लावले, आणि "झाडू नका, झाडू नका, आधी पाणी मारा" म्हणत स्वतः ओल्या फडक्यानं ओटे पुसायला बसली. बायका आधी हसल्या, मग त्याही फडकी घेऊन बसल्या. सह-संशोधक बादल्या वाहत होता. आत्यानं घमेली झाकायला लावली आणि देवळापुढं उभं राहून स्पष्ट सांगितलं, की रंग मिळणार नाही, फक्त तपासणी होईल, तीही अनुदान मिळालं तर.

दिनकरदादांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातल्या. मग मला म्हणाले, "तू लिव्हलं व्हतंस व्हय ते? लय शिकलास गड्या." आणि आत्याला म्हणाले, "आवं, पर ती बंदूक येनार हाय का? आल्यावर पयली माझ्या दारावर धरा. नातीनं तिथलंच चाटलंय."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत बसली. पाढाही विचारला नाही. साताऱ्याचा स्टँड आल्यावर एवढंच म्हणाली, "हे अनुदान मिळायला पाहिजे, बाळू."

महिन्याभरानं मुलाखत होती, व्हिडिओवर. मी माझ्या मुलीचा लॅपटॉप घेऊन सांगलीला गेलो. आत्यानं इस्त्रीची साडी नेसली होती आणि लॅपटॉपखाली रसायनशास्त्राची चार जाड पुस्तकं ठेवली होती. पडद्यावर अनुदान समितीचे अध्यक्ष आणि एक बाई. आत्यानं अर्धा तास असं सांगितलं, की मलाही विषय कळला. मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. या विषयातला माझा अनुभव त्यांनी विचारला. मी म्हणालो, मी रंगवलेल्या घरात राहतो. ते हसले नाहीत. मग विचारलं, "नमुन्याचा आकार किती ठरवलाय?" हा प्रश्न मला येत होता. मी करंगळी कॅमेऱ्यापुढं धरली आणि म्हणालो, "नखाएवढा."

त्यांना किती घरं तपासणार ते विचारायचं होतं, हे आत्यानं मला नंतर सांगितलं.

पडद्यावरच्या बाई सौम्य होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमची तयारी उत्तम आहे. पण सह-संशोधक विषयातला लागतो. तुम्ही यांना का घेतलंत?"

माझी आत्या प्रश्नाला थांबत नाही. तेव्हा थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"याचा पाळणा मी रंगवला होता," ती म्हणाली. "शेंदरी. घरात पहिलं पोर. मी कॉलेजात रसायनच शिकत होते तेव्हा. हा उभा राहायला लागला आणि कठडा चावायचा. सारखा. आम्ही सगळे हसायचो, त्याला काय तो पाळणा गोड लागतोय म्हणून. पुढं केव्हातरी वाचलं, की शिसं खरंच गोड असतं. तोवर कठड्याचा रंग गेला होता." तिनं पदराचं टोक सोडलं. "तेव्हापासून मी याला पाढे विचारते."

पडद्यावरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझा चेहरा दिसत होता, तोंड उघडं. मला तेव्हा कळलं, की या संशोधनात मी सह-संशोधक नव्हतोच. नमुना होतो. आकारानं नखापेक्षा बराच मोठा.

अनुदान मिळालं नाही. संशोधक निवृत्त चालत नाही, कुठल्यातरी संस्थेत नोकरीला हवा, असं कळवलं. विषय महत्त्वाचा असल्याचंही म्हटलं होतं. आत्या फोनवर म्हणाली, "महत्त्वाचा आहे म्हणाले ना." दोनदा म्हणाली. दिनकरदादांच्या दाराचं मात्र ती अजून धरून बसली होती. ओल्या कापडानं रोज पुसा, नात बाहेरच्या खोलीत निजवा, असं फोनवर सांगत होती. तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मिरजेत रक्त तपासण्याचं दुकान होतं. नातीला घेऊन दिनकरदादा तिथं जाऊन आले. बंदूक नाहीच दिसली म्हणून जरा नाराज होते, पण गेले.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आत्यानं अख्ख्या दोन जिल्ह्यांच्या चौकटी खरवडल्या, पण आमच्या माळ्यावर ती कधी चढली नव्हती. मी तिला साताऱ्याला बोलावलं आणि ती यायच्या आत पाळणा खाली काढून पडवीत ठेवला.

ती आली. चौकटीकडं गेली नाही. पाळण्यापाशी उभी राहिली. कठड्याच्या वरच्या कडेला बारीक बारीक दातांचे ठसे होते, आणि तिथं उघडं लाकूड. बाकी पाळणा अजून शेंदरी.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही," ती म्हणाली. "तू काढ."

मी आधी फडकं ओलं करून कड पुसली. एवढं मी शिकलो होतो. मग नखानं एक पोपडा सोडवला. माझी पाठ तिच्याकडं होती, तेवढ्यात मागून प्रश्न आला.

"सतरा सक्कं?"

"एकशे दोन."

मागं तिच्या बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "पाठ करून आलायस."

"हो."

"सतरा सत्ते?"

तेवढं मी केलं नव्हतं. मी पोपड्याकडं बघत बोटं मोजायला लागलो आणि मला एकदम आमचं कापडाचं दुकान आठवलं.

"आत्या," मी म्हणालो, "हे आजोबांनाही यायचं नाही. त्यांना कुणी रंगवलेल्या पाळण्यात घातलं होतं?"

 मी वळून पाहिलं. तिनं चष्मा काढला होता, आणि कपाळाला आठी घालून ती विचार करत होती. प्रयोगशाळेत नको ते उत्तर आल्यावर परीक्षानळी परत हलवून बघावी, तसा.

"तुझे आजोबा झोळीत वाढले," ती शेवटी म्हणाली, अगदी सावकाश. "माझी आजी सांगायची. घरात पाळणा नव्हताच."

मग तिनं चष्मा पदरानं पुसून डोळ्यांवर चढवला, पर्समधून वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. "पुडी बांध."