दफ्तराचे रुमाल आणि सिंधूचे लंगोट

राज्य कुठलंही असो, ते जुन्या कागदांवर आणि कोरड्या लेकरांवर उभं असतं. कागद हरवले तरी राज्य काही दिवस चालतं (कधी कधी जास्त बरं चालतं). पण लेकरू ओलं राहिलं तर घरातला कर्ता पुरुष रात्री झोपत नाही, म्हणून कचेरीत झोपतो, आणि सगळा कारभार शिपायांवर येऊन पडतो. राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूरची राजधानी उचलून भोपाळला नेली त्या साली हे सत्य कुणाच्या ध्यानात आलं नाही. नकाशे आखणारी मंडळी बहुधा लेकुरवाळी नसावीत.

बदलीचे हुकूम मात्र फार मायेनं लिहिलेले होते. कर्मचाऱ्यानं ट्रंका किती न्याव्यात, खाटा किती, सायकल न्यावी का, 'कुटुंब' या सदरात सासू मोडते की नाही, सगळं त्यात होतं. जुनी लुगडी आणि विरलेली धोतरं कुठल्या सदरात घालावीत याबद्दल तेवढा हुकूम मुका होता. आणि सरकार ज्याबद्दल मुकं असतं ते करू नये, अशी नागपुरी कारकुनांची पिढीजात समजूत. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात नागपुरातल्या महालापासून धंतोलीपर्यंतच्या बायकांनी बोहारणींना दारात बसवून घेतलं आणि घरातलं होतं नव्हतं ते जुनेर देऊन टाकलं. एका लुगड्याला एक जर्मनचं (म्हणजे अॅल्युमिनियमचं) पातेलं, दोन धोतरांना वरचं झाकण. गाडी भोपाळला लागली तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाजवळ लग्नाची पंगत उठेल एवढी भांडी होती आणि तान्ह्या मुलाला गुंडाळायला चिंधी नव्हती.

गोपीनाथ डबीर हे या मंडळींतलेच. अभिलेख एकत्रीकरण कक्षात ते वरिष्ठ लिपिक होते. तळ्याच्या वरच्या टेकडीवर नवी क्वार्टरं बांधली होती (भिंती पूर्ण, दारं मंजूर), त्यांतल्या एकात ते, पत्नी कांचन आणि अडीच वर्षांचा उदय राहायला आले. चार महिन्यांनी सिंधू झाली. नव्या राज्याच्या नव्या राजधानीत नवं माणूस आलं, आणि नव्या माणसाला लागतं जुनं कापड.

हा नियम शेजारच्या मनोरमाकाकूंचा. रांगेतली सगळी बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली होत. निसर्गाच्या कलानं मूल वाढवायची त्यांची एक पद्धत होती. पुढेमागे शिकलेली माणसं तिच्यावर पुस्तकं लिहून तिला भारदस्त नाव देतील, काकू तिला 'मूल वाढवणं' म्हणत. पद्धतीची कलमं अशी:

एक. तान्ह्याला नवं कापड लावायचं नाही. ज्या कापडाला माणसाचा हात लागलेला नाही ते मुलाला परकं वाटतं. लुगडं आधी आईनं नेसावं, आजीनं नेसावं, त्यात भांडणं व्हावीत, रडणं व्हावं, शंभरदा धुणं व्हावं. मग ते मुलाच्या अंगाला लागण्याच्या योग्यतेचं होतं.

दोन. आईनं पाय लांब करून बसावं, मुलाला पावलांवर टेकवावं आणि 'शूऽऽ' म्हणावं. मूल ऐकतं. (तीन महिन्यांचं मूल एका सूचनेवर काम करतं आणि तीस वर्षं नोकरी झालेला माणूस सात स्मरणपत्रांवरही करत नाही, यामागचं कारण कक्षाला अद्याप सापडलेलं नाही.)

तीन. मूल चालू लागलं की त्याला वर स्वेटर आणि खाली स्वातंत्र्य. हे कलम उदयला फार आवडे. तो रांगभर स्वातंत्र्याचा उपभोग घेत हिंडे आणि उपभोगाच्या खुणा ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवून येई.

अडचण पहिल्या कलमाची होती. गोपीनाथांनी चौकातून कोरा मांजरपाट आणला. दोन दिवसांत सिंधूचं बूड पिकल्या तोंडल्यासारखं लाल झालं. शेजारी जुनेर मागावं, तर रांगेतली सगळी घरं पातेलीवालीच.

"अहो, बघा जरा इकडे," कांचन म्हणाली. "पोरीला अजून बसता येत नव्हतंच, आता निजताही येईना."

"दुकानदार म्हणाला, माल एकदम उत्तम आहे."

"स्वतःच्या ढुंगणाला बांधून पाहिला होता का त्यानं?"

गोपीनाथांनी हे विचारलं नव्हतं.

"आईला लिहिलं होतं, जुनेर पाठव म्हणून," कांचन म्हणाली. "आई म्हणते, कापड कशाला पाठवू, तूच लेकरं घेऊन ये. रविवारी विश्वासदादा न्यायला येतोय. मी जातेय."

"किती दिवस?"

"सिंधू लंगोटातून सुटेपर्यंत."

"आणि मग?"

"मग बघू, तोवर राजधानी कुठे गेलीय ते!"

गोपीनाथ कचेरीत गेले. वाचकांनी इथे त्यांची कचेरी डोळ्यांसमोर आणावी. चार मुलखांचं एक राज्य झालं होतं, तेव्हा चार मुलखांची दफ्तरं या कक्षात येऊन पडली होती. प्रत्येक दफ्तर कापडात बांधलेलं. नागपूरकर त्या कापडाला रुमाल म्हणत, इकडचे लोक बस्ता म्हणत. नागपूरचे रुमाल लाल, इंदूर-ग्वाल्हेरचे पिवळट, रीव्याचे निळे, भोपाळचे पांढरे. म्हणजे कधीकाळी होते. आता धुऊन धुऊन, हाताळून हाताळून सगळ्यांचा रंग एकच झाला होता, सांजवेळच्या आभाळासारखा. या कापडांत भाऊबंदकी होती, दुष्काळ होते, मेलेल्या माणसांच्या सह्या होत्या. काकूंच्या पहिल्या कलमात याहून जास्त काही मागितलेलं नव्हतं.

गोपीनाथांनी एका रुमालाचा कोपरा गालाला लावला. डोळे मिटले.

ते चोर नव्हते. त्यांनी आधी आदेश पाहिला. आदेश होता: 'सर्व अभिलेख एकसारख्या नवीन रुमालांत बांधण्यात यावेत व जुने रुमाल निर्लेखित करण्यात यावेत.' (म्हणजे सरकारी हिशेबातून खोडून टाकावेत.) नवे रुमाल अजून आलेले नव्हते. पण आदेशाचा अर्धा भाग पाळता येत नाही म्हणून उरलेला अर्धाही पाळू नये, हे काही निष्ठावंत सेवकाचं लक्षण नव्हे. त्या संध्याकाळी जबलपूर विभागाची सारावसुली उघडी पडली आणि गोपीनाथांची पिशवी फुगली.

कांचननं रुमाल सोडा घालून उकळले. जर्मनची पातेली अखेर कामाला आली. दोन दिवस टेकडीवरच्या उन्हात वाळवले, चौकोनी फाडले, तिरकी घडी घातली. सिंधू त्यात अशी निजली की काकूंनी दोनदा नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. मग त्यांनी पाळण्याची दोरी ओढत तिथल्या तिथे ओवी जुळवली:

*तळ्याकाठी राजधानी, टेकडीवर घर,*
*सिंधूच्या गं पाठीखाली अख्खं दफ्तर.*

पण कांचनची ट्रंक दारातच होती. "हे चार दिवसांचं झालं," ती म्हणाली. "पोरगी दिवसाला पंधरा ओले करते. सरकार पुरणार आहे का?"

सरकार पुरावं म्हणून गोपीनाथ रोज पिशवी नेऊ लागले. कक्षातले कागद उघडे झाले, आणि उघडे कागद माणसांसारखेच एकमेकांत मिसळतात. चार मुलखांचं एकत्रीकरण, ज्यासाठी समित्या बसल्या होत्या, ते वाऱ्याच्या एका झुळकीनं झालं. बैतुलच्या एका मास्तरांचा रजेचा अर्ज रीव्याकडच्या विहिरीच्या कागदांत गेला. रजा विहिरीला मंजूर झाली. (विहिरीनं ती भोगलीही, त्या उन्हाळ्यात ती कामावर आली नाही.) मास्तरांना दहा हात खोल खणण्याची परवानगी मिळाली.

रविवार उजाडला. विश्वास नागपूरहून आला आणि बहिणीच्या ट्रंकेवर बसून चहा पिऊ लागला. तेवढ्यात फाटकातून कक्षाचे प्रमुख श्रीवास्तवसाहेब आत आले. गोपीनाथांनी हातातली बशी खाली ठेवली. नोकरी गेली तर क्वार्टर जाणार, क्वार्टर गेलं तर कांचनला अडवायला दारसुद्धा उरणार नव्हतं. (ते अजून बसायचंच होतं.)

साहेब अंगणातल्या दोरीपाशी थांबले. दोरीवर लंगोट वाळत होते. सोडा कितीही घाला, दफ्तराची शाई पूर्ण जात नाही. एका लंगोटावर 'अत्यंत तातडीचे' होतं. दुसऱ्यावर 'गोपनीय', अगदी योग्य जागी.

"डबीरजी," साहेब म्हणाले, "ये तो सरकारी बस्ता है।"

"था, साब," गोपीनाथ म्हणाले. "अब निर्लेखित है।"

"और काग़ज़?"

"काग़ज़... एकत्र हैं, साब।"

साहेबांनी दोरीकडे हात नेला. काकू ओट्यावरून ओरडल्या, "अहो साहेब, आधी हात धुवा! पोरीच्या अंगाला लागायचंय ते!"

साहेबांना मराठी कितपत कळत होतं कोण जाणे. त्यांनी हात धुतले. लंगोट उचलून गालाला लावला. त्यांच्या मागे उदय आपल्या स्वातंत्र्यासह येऊन उभा राहिला आणि साहेबांच्या बुटावर त्यानं स्वागत केलं. साहेबांनी पाय हलवला नाही.

"हमारे यहाँ पोता हुआ है," ते हळूच म्हणाले. "पूरी पीठ छिल गई है बच्चे की। बहू कहती है, मायके चली जाएगी।"

"कधी?" कांचननं दारातून विचारलं.

"परसों।"

कांचन आत गेली. वाळलेले सहा लंगोट घडी करून तिनं साहेबांच्या हातात ठेवले, आणि परत येऊन विश्वासला म्हणाली, "दादा, उठ रे ट्रंकेवरून. मला कपडे काढायचेत."

"म्हणजे? येत नाहीस?"

"कशाला येऊ? आता वरूनच मंजुरी आहे."

विश्वास संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बहिणीच्या जागी त्याच्या पिशवीत इंदूर विभागाचे चार रुमाल होते. त्याच्या बायकोला सातवा लागला होता.

सोमवारी साहेबांनी सगळेच रुमाल निर्लेखित केले आणि रांगेतल्या, मग सगळ्या टेकडीवरच्या, तान्ह्यांच्या घरांत वाटून दिले. आमच्या मते नव्या राज्यानं पहिल्या वर्षात केलेलं हे सर्वांत टिकाऊ काम. हिंदी घर, मराठी घर, बुंदेली घर. एकाही घरात बूड लाल उरलं नाही. सिंधू ओली झाली की एवढा हंबरडा फोडी, की आई, काकू, पाण्याला आलेला भिश्ती आणि शेजारचे दोन अवर सचिव धावत येत. दोन मिनिटांत कोरडी.

आता राहिले ते कागदवाले. ते कक्षाच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसत. कुणाचं पेन्शन, कुणाचा बांध, कुणाची मोजणी. गोपीनाथ बाहेर येऊन हात जोडत आणि सांगत, "एकत्रीकरण चालू आहे." लोक मान हलवत. पावसाळ्यात त्या व्हरांड्याचं छत गळे आणि बाक खालून वरून भिजून जाई. लोक धोतर सावरून थोडे बाजूला सरत आणि बसून राहत. हंबरडा कुणीही फोडला नाही.

वर्षाअखेरीस साहेबांनी अहवालात नोंद केली: ज्या अर्थी कुणी रडत नाही, त्या अर्थी जनता कोरडी आहे.

नोंद तर्कशुद्ध होती, आणि आमच्या माहितीप्रमाणे ती अजून कुणी रद्द केलेली नाही. कशी करणार? तान्ह्या सिंधूला जे दोन मिनिटं सोसलं नाही, त्यावर तुम्ही किती वर्षं बसला आहात, वाचकहो, ते तुम्हीच आठवा. उठू नका, घाई नाही. गोष्ट आवडली ना? हसलात ना? कक्षाला एवढंच नोंदवून हवं होतं.