धुळीचे दार

ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावी एका बैठ्या घरांच्या वसाहतीत डल्सी हार्ग्रीव्हबाईंना आपल्या स्वयंपाकघरातला केर काढायचा होता. मागणी एवढीच होती. सरकार उलथवायचा त्यांचा विचार नव्हता.

तिथली माती तांबडी आणि मोठी चिकाटीची. दार उघडले की घरात, लावले तरी घरात. झाडून ढीग करणे बाईंना जमे. सुपलीत भरायला वाकले की कंबर दगा देई. मागे एकदा वाकल्या त्या आडव्याच झाल्या. ब्रिस्बेनहून मुलीचा, ग्वेनचा, फोन आला. "आई, आणखी एकदा पडलीस की वृद्धाश्रम. मी जागा बघून ठेवलीय." तेव्हा घर राखायचे तर वाकायचे नाही, हे बाईंनी पक्के केले.

घरात भिंतीतल्या नळ्यांतून केर ओढणारे यंत्र होतेच. त्याची मोटार गॅरेजात घुमत असे. त्याला ओट्याखाली, जमिनीलगत आणखी एक तोंड बसवायचे. झाडूने केर तिथवर न्यायचा, बोटाने नव्हे, पायाच्या अंगठ्याने झडप उघडायची, की केर गडप. कारागीर नेव्हिल गुडघ्यावर बसून म्हणाला, "मावशी, चहा निवायच्या आत बसवतो. फक्त नळी सामाईक भिंतीतून जाणार, तेवढं कमिटीच्या कानावर घाला." आणि अर्जात त्याने आपल्या धंद्यातल्या बोलीप्रमाणे लिहून दिले: 'धुळीचे दार बसवणे.'

कमिटीचे अध्यक्ष लायनेल प्रॉबर्ट जन्मभर शाळा तपासत आले होते. शाळा संपल्या, तपासणे उरले होते.

"दार?" त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, म्हणायला दार. सँडविचाएवढी झडप आहे ती."

"डल्सीबाई, दार लहान-मोठं असतं. नियम लहान-मोठा नसतो. त्यातून आत कोण येणार?"

"कोण येणार? धूळ बाहेर जाणार."

"म्हणजे बाहेर पडायचं दार!" लायनेलरावांचा चेहरा उजळला. "मग तर आणीबाणीचं दार झालं. मंजूर!"

बाईंना वाटले, जिंकले.

झडप बसली. मग तिच्यावर धावत्या माणसाची हिरवी पाटी लागली. पाटी दारापेक्षा मोठी होती. त्या माणसाचा एक पायही खालच्या दारातून गेला नसता. दार म्हटल्यावर क्रमांक हवा; घर सात नंबरचे, म्हणून 'सात-ब' आला. क्रमांक आला म्हणून पायपुसणे आले. एके दिवशी पोस्टमन स्वयंपाकघरात येऊन ओणवा झाला आणि विजेचे बिल त्याने सात-बमध्ये सारले. यंत्राने ते आवडीने खाल्ले.

बाईंनी हेही सोसले. केर झाडून त्यांनी झडपेपुढे ढीग केला, अंगठा उचलला, तोच लायनेलराव तपासणीला आले. बुटांना तांबडी माती, ती सगळ्या फरशीवर उमटली.

"थांबा! आणीबाणीच्या दारासमोर ढीग?"

"अहो, तो बाहेरच निघालाय!"

"जाईपर्यंत अडथळाच. तो हातानं उचला."

"हातानं उचलायचं तर वाकावं लागेल. वाकायचं नाही म्हणून तर हे दार!"

"दारासमोरचा अडथळा, तो कुणाचाही असो, हटवावा. हा नियम मांडला कुणी, आठवतंय?"

बाईंना आठवले. शेजारच्या ईनिडच्या दारात शोभेला ठेवलेला मातीचा एक बुटका होता, लाल टोपीचा, दात काढून हसणारा. तो बाईंच्या डोळ्यांत खुपे. नियम त्यांनीच मांडला होता, आणि बुटका गेला त्या दिवशी केकही केला होता.

पुढच्या आठवड्यात आगीची तालीम झाली. भोंगा वाजला की प्रत्येकाने जवळच्या दाराने बाहेर पडायचे. बाई होत्या ओट्याशी, हातात झाडू. सर्वांत जवळचे दार सात-ब.

"निघा, निघा!" लायनेलराव घड्याळ धरून ओरडले.

"कशी निघू? मी काय पिठाची केलीय?"

"मोठ्या दारानं गेलात तर तालीम बाद!"

बाईंनी रागाने झडपेला लाथ घातली. यंत्र घुमले. धूळ निघून गेली, बाई राहिल्या.

वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला. 'सात-ब येथील धूळ शिस्तीने, ढकलाढकली न करता बाहेर पडली. मात्र दारासमोर एक अडथळा आढळला. तो हटवावा.' नावगाव काही नव्हते. बाईंना वाटले, सुटले. ती हिरवी पाटी काढणार असतील. सभागृहाच्या मागे टेबलावर स्कोन, म्हणजे लहान गोड पाव, मांडले होते आणि उकाड्याने त्यांच्यावरची साय ओघळू लागली होती.

"डल्से, हात वर कर ना गं," ईनिडने कोपराने ढोसले. "साय चाललीय वाहून."

बाईंनी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

शनिवारी ग्वेन गाडी घेऊन आली.

"अगं, पण मी पडले कुठं?" बाई म्हणाल्या.

"पडली नाहीस, आई. पण अडथळा हटवायचा ठराव आहे. आणि एकमतानं म्हणजे त्यात तुझंही मत आलं. आता मी कुणाशी भांडू?"

सात नंबरचे घर आता रिकामे आहे. दार मोकळे आहे. तांबडी धूळ हवे तेव्हा येते, हवे तेव्हा जाते. तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही.

वृद्धाश्रमाच्या बागेत बाईंना खुर्ची दिली. शेजारी गवतात कोणीतरी लाल टोपी घालून उभा होता, दात काढून हसत. जुना ओळखीचा. वसाहतीने त्याला मागेच इथे दान केले होते. बाईंनी खुर्ची थोडी बाजूला घेतली, त्याच्या वाटेत नको म्हणून.

तुम्हाला हसू आले असेल. हसा. फक्त मागच्या सभेत वर केलेला हात आधी खाली घ्या.