वैशूच्या पानावरचे वासूभाव

आमच्या शेजारच्या वासूभावना तुम्ही काहीही द्या, ते त्याची पोच देतात. तीही लेखी. मागच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे दोन फणस पाठवले, तर तासाभराने त्यांची बायको, सुलूवहिनी, पाठकोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन आमच्या दारापुढच्या खळ्यात उभ्या. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'दोन नग फणस मिळाले. पैकी एक कापा, एक बरका. बरक्याचा देठ दुखावलेला आहे, याची नोंद घ्यावी.' खाली सही आणि तारीख.

"घे गो बाई, फायलीक लाव," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मला गावात सगळे बाईच म्हणतात, कारण आमच्या कट्टा गावाच्या आसपासची निम्मी पोरं शाळेत माझ्या हाताखालून गेली आहेत. वासूभाव मात्र माझ्या हाताखालून गेले नाहीत, नाहीतर मी काहीतरी केलं असतं. ते तेहतीस वर्षं ओरोसला एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. आलेला कागद रजिस्टरात चढवायचा, शिक्का मारायचा, ज्याचा त्याच्याकडे पाठवायचा. सकाळी कट्ट्याहून एसटीने कसाल, कसालहून ओरोस, संध्याकाळी उलट. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले की या माणसाच्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही. वासूभावनी ते भाषण साहेबांकडून लेखी मागून घेतलं.

बोलतात ते आमच्यासारखंच, चोख मालवणी. पण हातात पेन आलं की त्यांची भाषा ओरोसला जाते. वाण्याला द्यायच्या यादीवरसुद्धा वर 'विषय : किराणा जिन्नस मिळणेबाबत' असतं. लग्नाची पत्रिका आली तर 'आपले निमंत्रण प्राप्त झाले. उपस्थित राहण्याचे योजिले आहे. जेवणात वांगे असल्यास पूर्वकल्पना द्यावी' असं उत्तर जातं.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीने, वैशूने, पुण्याहून फोन पाठवला. चांगला मोठा, बोटाने सरकवायचा. दुसऱ्याच दिवशी वासूभाव माझ्या पडवीत हजर.

"बाई, गावातली सगळी फोटो टाकतत ना, त्या ॲपार माका नाव घालूचा आसा."

मी खातं उघडून दिलं. फोटो म्हणून त्यांनी नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो निवडला. त्यात त्यांच्या कपाळावर कचेरीच्या शिक्क्याची कड आली आहे. 'तुमच्याबद्दल थोडक्यात' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'निवृत्त. प्रकृती ठीक.'

मग त्यांनी फ्रेंड रिक्वेस्टी पाठवायला सुरुवात केली. रिक्वेस्ट पाठवली की ते स्वतः त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहायचे. "तुमका अर्ज केलंय. बघून मंजुरी द्या." कट्ट्याच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान असलेले इस्माईलभाय चकितच झाले.

"अर्ज कित्याक, वासूभाव? चाळीस वर्सां वळखतंव एकमेकांक."

"वळख वेगळी. रेकॉर्ड वेगळा."

लाईकचा अंगठा म्हणजे पोच, असा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला होता. त्यामुळे ते सगळ्यालाच अंगठा लावत. खालच्या वाडीत एकाचे वडील वारले, त्याने फोटो टाकला, तिथेही अंगठा. तो मुलगा तावातावाने भांडायला आला, तेव्हा वासूभाव शांतपणे म्हणाले, "वाचल्याचो अंगठो तो. आनंदाचो न्हय." मग त्याला बसवून चहा पाजला आणि दोन तास त्याच्या वडलांच्या आठवणी सांगितल्या. जाताना तो मुलगा डोळे पुसत गेला. पण अंगठा काढायला वासूभाव तयार झाले नाहीत.

इथवर सगळी गंमत होती. घोटाळा झाला तो वैशूच्या पानावर.

वैशू लग्न होऊन पुण्याला गेली त्याला अकरा वर्षं झाली. घरच्या घरी केक करून विकते. हात चांगला आहे तिचा, चौथीत असताना माझ्या वर्गाचे फळे तीच सजवायची. केकचे फोटो ती आपल्या पानावर टाकते, तिथूनच गिऱ्हाईक येतं. वासूभावना ते पान सापडलं आणि ते रोज त्यावर शेरे मारू लागले.

'विषय : चॉकलेट केक. फोटोचे अवलोकन केले. उंची समाधानकारक. डावीकडे किंचित कल दिसतो. केक सरळ असल्यास टेबल तपासावे.'

'आंब्याचा केक पाहिला. आंबा हापूस किंवा कसे, याचा उल्लेख आढळून आला नाही.'

'गुलाबी रंग. हा रंग खाद्य आहे काय, याचा खुलासा व्हावा.'

पुण्याची गिऱ्हाइकं हसायची. हे काका कोण म्हणून विचारायची. वैशूनेही आधी हसून घेतलं. मग आईकडे निरोप देऊन पाहिला. वासूभाव म्हणाले, "मी काय चुकीचा लिवलंय? कल आसा तर आसा."

एक दिवस कुणा बाईने विचारलं, शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला केक मिळेल का? वैशू तेव्हा भट्टीपाशी असणार. तिच्या आधी वासूभावनी उत्तर दिलं : 'आपली मागणी प्राप्त झाली. योग्य त्या चौकशीअंती निर्णय यथावकाश कळविण्यात येईल.'

त्या बाईने केक दुसरीकडून घेतला. वर आपल्या इमारतीत सांगत सुटली की इथे केक द्यायच्या आधी आपली चौकशी करतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी वासूभाव फोन घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"बाई, वैशूचा पान गावणा नाय."

"नीट शोधल्यात?"

"इंग्रजीत नाव घालून बघलंय, मराठीत बघलंय. माहेरचा आडनाव घातलंय, सासरचा घातलंय. बघा तुमी."

मी माझ्या फोनवर नाव टाकलं. पान लगेच आलं. वर सकाळीच टाकलेला स्ट्रॉबेरीचा केक. काय झालं ते मला कळलं. वैशूने बापाला ब्लॉक केलं होतं.

आयुष्यभर मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं. तीच मी म्हणाले, "तुमच्या फोनात काय तरी बिघाड आसतलो."

"तुमच्या फोनार दिसता?"

"दिसता."

"मग वाईच दाखवा."

ते गेल्यावर मी वैशूला फोन लावला. कोंडलेलं पाणी सुटावं तशी ती पोर बोलायला लागली. "बाई, मी काय करू सांगा ना. अकरा वर्षांत बाबा फोनवर माझ्याशी चार वाक्यं बोलले नाहीत. 'हां, बरा, आवशीकडे देतंय', की फोन आईच्या हातात, संपलं. आणि बोलायला लागले ते सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत. तेही असं!"

"त्यांना सांगू का, तू बंद केलंस म्हणून?"

"नको, वाईट वाटेल त्यांना."

"मग उघड परत."

"बघते," ती म्हणाली. पण उघडलं काही नाही. तिचंही चुकलं असं मला म्हणवेना.

तेव्हापासून वासूभाव रोज संध्याकाळी साडेपाचला येऊ लागले. पडवीतल्या बाकावर बसायचे, मी फोन हातात द्यायची. "शेरो मारूचो नाय. फक्त अवलोकन," असं पहिल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं. मी अबोलीचे गजरे करत बसायची आणि ते एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून, कोपऱ्या-कोपऱ्यात नेऊन बघायचे. एका केकला दहा-दहा मिनिटं. मला वाटायचं, कल शोधताहेत.

सुलूवहिनींना मी एकदा म्हटलं, वैशूशी फोनवर बोलता तेव्हा द्या की यांच्याकडे.

"फोन देवक जातंय तर परसात पळता," वहिनी म्हणाल्या. "म्हणता, मी काय बोलू? तुका सांगल्यान ता माका सांग. आणि मग सगळा खोदून खोदून इचारता. काय जेवली, आवाज कसो होतो, खोकलली काय."

महिनाभर असं चाललं. मग एका संध्याकाळी फोटो बघता बघता वासूभाव ताठ झाले.

"बाई, ह्या बघा."

पांढऱ्या केकचा खोका दोन्ही हातांनी पुढे धरलेला, असा फोटो होता. मी केक बघितला. "बरो आसा की. सरळ आसा."

"केक न्हय. हात बघा." त्यांनी फोटो मोठा केला. "गेल्या आयतवारापासून तिचो डावो हात एकाय फोटोत नाय. आज इलो तो बाही ओढून. लांब बाह्ये ती कधी घालणा नाय. आणि ह्या काय?"

बाहीच्या कडेखाली पांढरी पट्टी दिसत होती. बोटभर. त्यांनी दाखवली नसती तर मला जन्मात दिसली नसती.

मी वहिनींना हाक मारली. त्या सकाळीच वैशूशी बोलल्या होत्या. "बरी आसंय म्हणाली गो," त्या म्हणाल्या आणि घाबरून बाकावर बसल्या.

"फोनार बरी आसंय असाच सांगतली," वासूभाव म्हणाले.

"तुम्ही तिला एक निरोप तरी लिहा," मी बोलून गेले.

त्यांनी फोन बाकावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "माझो निरोप तिका जाणा नाय, बाई. तिना माका बंद केल्यान."

"तुमका म्हायत होता?"

"पयल्या दिसापासून. आवक-जावकात जल्म गेलो माझो. कागद हरवलो आणि कागद कोणी अडवलो, ह्यातलो फरक माका कळता."

"मग माझी बिघाडाची गोष्ट कित्याक आयकून घेतलात?"

"तसा बोललंय असतंय तर तुमी फोन दाखवूचा बंद केला असतात."

वहिनींनी विचारलं, "राग नाय इलो तुमका?"

"राग कसलो? माझ्यामुळे तिचा गिऱ्हाईक गेला. मी लिवलंय ता बरोबर होता. पण थय लिवचा न्हय होता."

दुसऱ्या दिवशी वासूभाव पुण्याला गेले. अकरा वर्षांत ते तिथे एकदाच गेले होते, तेही वहिनींच्या मागोमाग. या वेळी एकटे. एका पिशवीत कपडे आणि एका पिशवीत कोरफडीची चार पानं, ओल्या पेपरात गुंडाळलेली. भाजलं असेल हे ते धरूनच चालले होते.

भाजलंच होतं. तिसऱ्या दिवशी वैशूचा फोन आला. भट्टीतून काढताना तापलेला ट्रे डाव्या हातावर घसरला आणि हात कोपरापर्यंत भाजला होता. डॉक्टरांचं औषध चालू होतं, नवरा कामासाठी महिनाभर बाहेरगावी. आई काळजी करेल म्हणून सांगितलं नव्हतं. आठवडाभर एका हाताने ती सगळं ओढत होती.

"दार उघडलं तर बाबा पायरीवर उभे," ती सांगत होती. "पिशव्या खाली ठेवल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, 'हात दाखव' म्हणाले. बघितला, आणि सरळ आत जाऊन केकची भांडी घासायला घेतली. तेव्हापासून ओट्यापाशीच आहेत, बाई. भांडी घासतात, खोके दुमडतात. गिऱ्हाईक आलं की स्वतःच आतल्या खोलीत जाऊन बसतात. दुपारी मी न राहवून विचारलं, बाबा, मी तुम्हाला ब्लॉक केलं होतं, तुम्ही रागावलात ना माझ्यावर? तर म्हणाले, 'मैदो खंय ठेवतंस?'"

एवढं सांगून ती रडायला लागली. मी काही बोलले नाही. चौथीतसुद्धा तिला रडू आलं की मी बोलत नसे, तिची ती थांबायची.

वासूभाव बारा दिवसांनी परतले. वैशूच्या हातावर नवी कातडी आली होती, तिचा नवरा घरी आला होता. वैशूने पानही उघडलं होतं. मी मुद्दाम जाऊन पाहिलं, त्यावर एकही शेरा नव्हता.

त्या संध्याकाळी साडेपाचला ते नेहमीसारखे पडवीत आले. मी सवयीने फोन पुढे केला.

"नको. आता माझ्या फोनार दिसता."

तरी बसून राहिले. चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले, दोनदा घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "सात वाजता वैशूचो फोन येतलो. आवशीक न्हय. माका."

"बरा झाला की!"

"बाई, एक इचारू? फोनार पयला काय बोलतत?"

मी हसले नाही. "जेवलंस काय, म्हणून विचारा."

"सात वाजता कोण जेवता?"

"मग हात कसो आसा, ता विचारा."

"हात बरो झालो. मी बघून इलंय."

"मग काय विचारू नका. ती बोलता ता आयका."

हे त्यांना पटलं असावं. उठले, चपला घातल्या, खळ्यातून चार पावलं गेले आणि थांबले.

"आणि ती गप रवली तर?"

"तर तुमीय गप रवा. पण फोन ठेवू नका."

"बरा," ते म्हणाले आणि सात वाजायला चांगला अर्धा तास असताना भराभर घराकडे चालू लागले.