जीजींची पुरुषांसाठीची कार्डं

बँकेच्या नोकरीत बनारसला बदली होऊन आम्ही दुर्गाघाटाच्या गल्लीत राहायला आलो, त्याच आठवड्यात एका परक्या बाईने मला पाठवलेलं कार्ड माझ्या बायकोच्या हाती पडलं. कुठल्याही संसारात असली गोष्ट पहिल्या आठवड्यात घडू नये. निदान गॅसचं कनेक्शन तरी येऊ द्यावं.

नीताने ते चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि "वाच" एवढंच म्हणाली. वरचा कागद निळ्या-करड्या चौकड्यांचा. त्याच्या मधोमध जांभळ्या शाईत ठसठशीत उमटवलेलं एक कुलूप. आत वळणदार अक्षरात एकच ओळ: "कुलूप लागलेलं आहे. निर्धास्त जा." खाली सही, "कुसुम, समोरची खिडकी."

आता माझी खोड सांगणं आलं. घराबाहेर पडताना मी दाराला कुलूप लावतो, चार पावलं जातो, परत येऊन ते ओढून बघतो, जातो आणि पुन्हा येतो. नीताला ही खोड लग्नानंतर वर्षभराने उमगली होती. समोरच्या खिडकीला आठवडा पुरला. नीताने कार्ड दोनदा वाचलं, खिडकीकडे पाहिलं आणि मग अशी हसत सुटली की तिचा चहा गार झाला. त्याच संध्याकाळी ती साखरेचं निमित्त काढून समोर गेली. खरं तर जायचीही गरज नव्हती. आमची गल्ली इतकी चिंचोळी आहे की समोरच्या खिडकीतून साखर मागितली तर ती हातातच मिळते.

कुसुमजीजी सत्तरीच्या. सडसडीत अंगाच्या, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पूर्वज वाईकडून काशीला आले ते कधी, हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही. पण मराठी घरात टिकून आहे. फक्त तिला बनारसचं पाणी लागलंय. "बसा हो मुकुंदराव, परेशान नका होऊ, चाय टाकलीच आहे," असं त्या म्हणाल्या की मला आपली मराठी उगाचच इस्त्री केल्यासारखी वाटते. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा. गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. ऐंशी उलटलेले वैदिक, रोज पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, मग यजमानांकडची कामं, मग घर. दोघांचीही लग्नं राहून गेली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

नीताने मात्र दुसरा प्रश्न विचारलाच. गल्लीतल्या पुरुषांना जीजी अशी कार्डं स्वतः करून देतात, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. "जीजी, कार्डं फक्त पुरुषांनाच का?"

"बायकांना काय कमी आहे?" जीजी म्हणाल्या. "हळदीकुंकू आहे, मंगळागौर आहे, ओटी भरतात, बांगड्या भरतात. कुणी ना कुणी हात हातात घेतंच. पुरुषाला काय? एक सुपारी आणि एक नारळ. आयुष्यात हार दोनदा पडतो. एकदा लग्नात. आणि दुसऱ्यांदा पडतो तेव्हा बघायला तो नसतो."

त्याच वेळी खालून 'राम नाम सत्य है' म्हणत लोक तिरडी घेऊन निघाले होते. इथे ते रोजचंच. जीजींनी खिडकीतून खाली बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा. इतका झेंडू. जिवंतपणी याला कुणी एक पाकळी दिली असेल का? म्हणून मी तय केलं. आणि मी तय केलं म्हणजे केलं."

हे त्यांचं पालुपद. एकदा 'तय केलं' की गंगेला पूर आला तरी जीजी मागे हटत नाहीत. पावसाळ्यात पाणी वर चढून गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, तेव्हा कुणाच्या तरी वाढदिवसाचं कार्ड पोचवायला त्या साडी वर खोचून पाण्यातून गेल्या होत्या, असं गल्ली अजून सांगते.

कार्डांचे नियम कडक आहेत. फुलं बाद. भेंडी कापून ठसा उमटवला तर फूल उमटतं, म्हणून भेंडी फक्त भाजीत. मोर बाद, कारण मोर पाहिला की पुरुषाला लग्नपत्रिका आठवते आणि लग्नपत्रिका पाहिली की आहेर. 'हार्दिक शुभेच्छा' हे शब्द तर समूळ बाद. "पुरुषाला हार्दिक शुभेच्छा दिल्या की त्याला वाटतं, कुणीतरी निवडणुकीला उभं राहतंय." कागदाला चौकडा हवा नाहीतर पट्टा. तो येतो शर्टांच्या खोक्यांतून, साडीच्या डब्यांच्या अस्तरांतून, तूप लागलं नसेल तर मिठाईच्या पुड्यातून. ठसे जीजी स्वतः कोरतात. जुन्या रबरी चपलेचा तळ घ्यायचा, ब्लेडने आकृती कापायची आणि लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायची. त्यांच्या घरी चप्पल झिजली म्हणून कधी फेकली जात नाही. तिची बढती होते.

पण खरी हुशारी ठशात काय कोरायचं यात. आमच्या घाटावर एक नावाडी आहे. दुसऱ्या कुणी त्याच्या कार्डावर नाव काढली असती. "दिवसभर नावच बघतो बिचारा, कार्डावर पण नावच?" असं म्हणून जीजींनी इस्त्री कोरली. हा माणूस दिवसभर उघड्या अंगाने वल्ही मारतो, पण संध्याकाळी शर्टाची घडी अशी की बोट कापावं, हे त्यांनी हेरलं होतं. आत हिंदीत लिहिलं, "क्रीज़ बनी रहे।" त्याने ते प्लॅस्टिकमध्ये घालून नावेत लावलंय. तालमीतला एक पैलवान भाचीच्या लग्नाला महिनाभर गावी गेला होता. त्याला पोस्टाने मांजराचा ठसा गेला, "बिल्ली मज़े में है।" पैलवान म्हणे मांडवातच डोळे पुसायला लागला आणि भाची सासरी जाते म्हणून रडतोय असं समजून सगळ्यांनी त्याची समजूत काढली.

असं गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांचं कार्ड झालं होतं. एकाचंच राहिलं होतं.

"दादाचं जमत नाही हो," जीजींनी एके दिवशी मला सांगितलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "माघात त्याचं सहस्रचंद्र आहे. त्याच्या आत व्हायलाच हवं. पण ठशात काढू काय? जन्मभर एका घरात राहिलो, आणि माझ्या भावाला काय आवडतं ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, "पळीपंचपात्र काढा."

"ते त्याचं काम झालं. तुमच्या कार्डावर मी बँक काढली का?"

"शाल?"

"यजमान देतात. ढीग पडलाय."

विचारून पाहा म्हटलं, तर तेही झालं होतं. "दादा, तुला काय आवडतं?" "जे समोर येईल ते." "रंग कुठला आवडतो?" "कशाला?" मग जीजींनी प्रयोग केले. एक दिवस वरणात मीठच घातलं नाही, दुसऱ्या दिवशी ओंजळभर गूळ टाकला. दोन्ही दिवस गुरुजी म्हणाले, "ठीक." तिसऱ्या दिवशी जीजींनीच हात टेकले, कारण तेच वरण त्यांनाही खावं लागत होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघून ते दोन शब्द उच्चारले. "मी तय केलंय. रविवारी तुम्ही त्याच्या मागे जायचं."

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखाधिकाऱ्याने थंडीच्या पहाटे कानटोपी घालून एका वृद्ध वैदिकाचा पाठलाग करावा, हे कुठल्या सेवाशर्तीत बसतं मला माहीत नाही. पण मी गेलो. एका बैलाच्या आडून, मग एका पानवाल्याच्या टपरीआडून. गुरुजींनी स्नान केलं, संध्या केली, ओलं धोतर पिळलं आणि पंचगंगेच्या त्या उभ्या पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर ते थांबले. तिथे एक बकरी होती. थंडीत इथल्या बकऱ्यांना लोक जुने स्वेटर घालतात, तसा तिलाही होता, लाल पट्ट्यांचा. गुरुजी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभे होते. मी धावत येऊन बातमी दिली.

"बकरी?" जीजी म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला शोध लागल्याचा अभिमानच वाटला. त्यांनी दोन दिवस खपून बकरी कोरली. बोटं दुखत होती, ब्लेड सटकत होतं; पण शिंगं, दाढी, खूर, सगळं उतरलं. स्वेटरसाठी लाल पट्ट्यांचा कागद कापून वर चिकटवला. कार्ड घडी करून दादांच्या हातात दिलं तेव्हा मी मुद्दाम हजर होतो.

गुरुजींनी चष्मा लावला. कार्ड जवळ धरलं, लांब धरलं.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कुणाची म्हणजे?"

गुरुजींनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि कार्ड घेऊन बाहेर पडले. दुपारभर ते दुर्गाघाट ते ब्रह्मघाट दारोदार कार्ड दाखवत फिरले, "भइया, ये बकरी किसकी खो गई है?" दिवे लागायच्या सुमाराला परत आले आणि बहिणीला म्हणाले, "मालक सापडला नाही. पण चित्र चांगलं काढलंय, ओळख पटेल." पायऱ्यांवर बकरीपाशी का थांबला होतात, असं मी हळूच विचारलं. "दम लागतो हो आताशा," ते म्हणाले. "तिथे बकरी होती का?"

मला हसू आवरेना. पण जीजी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सहस्रचंद्र दोन दिवसांवर आलं. मी बँकेतून लवकर येऊन त्यांच्याकडे आमंत्रणांवर नावं लिहायला बसलो होतो. गुरुजी जेवून हात पुसत होते. जीजींसमोर ठसे मांडलेले होते, छत्री, कंदील, अडकित्ता, सगळे दादांसाठी कोरलेले आणि सगळे नापास. एकाएकी त्यांनी अडकित्ता उचलून कोपऱ्यात भिरकावला.

"दादा, आज मला सांगितल्याशिवाय तू उठायचं नाहीस. जगातली एक गोष्ट. एक! जी असली की तुला बरं वाटतं. तू गेलास आणि मला कुणी विचारलं, तुझ्या भावाला काय आवडायचं, तर मी काय सांगू? ठीक?"

त्यांचा आवाज फुटला. मी लेखणी खाली ठेवली. गुरुजी पुसलेले हात पुन्हा पुसत राहिले. ते रागावतील असं मला वाटलं. पण ते विचार करत होते. हा प्रश्न त्यांना बहुधा जन्मात पहिल्यांदाच नीट ऐकू आला होता.

"दुपारी मी जरा पडतो," ते म्हणाले. "तेव्हा तुझं इकडे चालतं ना. ठप. मग जरा थांबून, ठप. ते चाललं की माझा डोळा लागतो. घरात कुणी आहे असं वाटतं."

"ठसे मारल्याचा आवाज?"

"हो. आताशा मात्र नीट ऐकू येत नाही."

जीजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी समोरचा कागद बाजूला केला. कागदाखाली पाटावर गोधडीची जाड घडी होती.

"अरे, तुझी झोप मोडू नये म्हणून मी ही खाली घालते! चार वर्षं झाली!"

"असं होय," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, मलाच कमी ऐकू यायला लागलं." आणि ते आत जाऊन पडले.

जीजी कितीतरी वेळ ती गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. शेवटी मला म्हणाल्या, "आता आवाजाचा ठसा कसा कोरू, मुकुंदराव?"

सहस्रचंद्र थाटात झालं. पणत्यांनी ओवाळलं, शालींचा ढीग आणखी वाढला, गुरुजींच्या गळ्यात हार पडला आणि तो त्यांनी वाकून नीट बघितला. कार्ड नव्हतंच. जीजींनी हार मानली, असं मी नीताला म्हटलं. नीता म्हणाली, "जीजींनी? काहीतरीच काय!"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी सहज खिडकीशी आलो. समोर जीजी पाटापुढे बसल्या होत्या. गोधडी नव्हती. शाईची डबी बंद होती आणि पाटावर कागद नव्हता. त्या कोरा ठोकळा उचलत होत्या आणि नुसत्या लाकडावर जोराने मारत होत्या. ठप. मग जरा थांबून, ठप. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान हलवून, दादा झोपलाय, अशी खूण केली. मग ठोकळा डोक्याइतका वर नेऊन त्यांनी आणखी जोराने मारला.