सबनीसांचं विरजण

इरा आणि कबीर, आजीचं हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सबनीसआजोबा गेल्या आठवड्यात कतार कायमचं सोडून नाशिकला गेले. ते इथे असताना लिहिलं असतं तर त्यांनी ओळीओळीला चुका काढल्या असत्या, म्हणून आत्ता लिहिते.

सबनीस आमची बेल कोपरानं वाजवायचे. कारण हात धुतलेले असत. दार उघडावं तर ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून उभे. "वहिनी, जरा आमचं दार लोटता? कडीवर जंतू असतात." मी लोटायला गेले की मागून ओरडायचे, "पदर! पदर सांभाळा!"

हा खटाटोप कोम्बुचासाठी. म्हणजे साखर घातलेला चहा, जेलीच्या चकतीसारखं एक विरजण घालून आंबवायचा. चहा गरम असताना विरजण घातलं तर ते मरतं. सावकाश गार होऊ दिला तर भलतेच पाहुणे शिरतात. "कोमट म्हणजे जंतूंचं लग्नघर, वहिनी! आमंत्रणसुद्धा लागत नाही."

सबनीसांचा अख्खा जन्म इथल्या मेसईदच्या खत कारखान्यात गरम वस्तू गार करण्यात गेला होता. घरीही त्यांनी स्टीलच्या नळीचं वेटोळं बनवलं. ते उकळत्या चहात सोडायचं, एक टोक नळाला, दुसरं सिंकमध्ये. आतून गार पाणी धावतं, चहा झटपट निवतो. तुमचा मामा म्हणायचा, "काका, हा चहा आहे, युरिया नाही." त्यावर सबनीस म्हणायचे, "तत्त्व एकच! यल्ला, चल, नळ सोड."

एका जुलैच्या दुपारी बेल वाजली. सबनीसांचा चेहरा पांढराफटक.

"वहिनी, माझ्या हातून मेलं."

"कोण?"

"विरजण."

मी खुर्चीवर बसले. ते उभेच. मग त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर पातेल्यातून अजून वाफा येत होत्या आणि त्यातला अर्धा चहा विरजणाच्या बरणीत ओतलेला.

"नळी कुठल्या नळाला लावलीत?"

"निळ्या खुणेच्या. गार पाण्याच्या."

दोह्यातल्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापून निळ्या नळाला भाजणारं पाणी येतं. म्हणून इथे सगळे गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी लाल नळानं घेतात.

"भाऊजी, आंघोळ कुठल्या नळाखाली करता?"

"लाल."

"मग?"

"माझ्या ड्रॉइंगमध्ये निळा होता."

"आणि थर्मामीटर?"

"तो निर्जंतुक होत होता."

मला हसू आवरेना. ते मात्र स्टुलावर बसले आणि बरणीकडे बघत राहिले.

"हे नंदानं लावलेलं आहे," ते म्हणाले. नंदा त्यांची बायको. आम्ही या बिल्डिंगमध्ये येण्याआधीच ती गेली होती. मी तिचा फक्त फोटो पाहिलेला. "ती पातेल्याला मनगट लावून म्हणायची, घाला आता. किती डिग्री, ते मी कधी विचारलंच नाही. मला ते मनगट नाही, वहिनी. म्हणून ही नळकांडी."

मी चकतीचे वरचे शिजलेले पदर काढले, तळाचा जो पातळ तुकडा जरा बरा वाटला तो वेगळा ठेवला. नवा चहा केला, लाल नळाच्या पाण्यात पातेलं ठेवून निववला आणि तुकडा त्यात सोडला. बरणी माझ्याकडे आणली, कारण त्यांच्याकडे तिला क्षणभर स्वस्थता मिळाली नसती.

मग सबनीस रोज दारात. "काही?"

"अजून नाही."

"इन्शाल्ला," म्हणून परत जायचे. चहा पिऊन जा म्हटलं तर म्हणायचे, "आज नको, चहाचं नाव काढू नका."

एका सकाळी चहावर नव्या विरजणाचा सायीसारखा पांढरट पापुद्रा दिसला. मी हाक मारली. ते काचेतून बघत राहिले, चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. "शुक्रन," अरबीत एवढेच आभार मानून ते वळून घरी गेले.

नाशिकला जाताना त्यांनी अर्धं विरजण नेलं, अर्धं मला दिलं. नंदाला मी कधी भेटले नाही. तिचं विरजण माझ्या ओट्यावर आहे, आणि ते जिवंत आहे.